तलावाची पाळ व आपले कर्तव्य
(समाजाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने यंदा भाषणाचा विषय निवडण्याची मोकळीक आम्हास दिली, याबद्दल प्रथम मंडळाचे आभार मानतो. आम्ही मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करली व अडतीस वर्षे खडू-फळ्याची सेवा करून निवृत्त झालो. स्थापत्यशास्त्र आम्ही शिकलेलो नाही. परंतु आमचा जन्म तलावाच्या पाळीखालच्या घरात झाला, त्याच पाळीवरून आम्ही शाळेत गेलो आणि पुढे त्याच पाळीवरून शाळेत शिकवावयास गेलो. तेव्हा मातीच्या पाळीविषयी चार शब्द बोलण्याचा आमचा अधिकार विद्येचा नसून सहवासाचा आहे, एवढे ध्यानी घेऊन आपण ऐकावे, ही विनंती.

आपल्या कोहळी समाजाची ओळख काय, असे कोणी विचारले तर आपण अभिमानाने सांगतो, 'आम्ही तलाव बांधणारे.' हा अभिमान पोकळ नाही. १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या रसेल व हिरालाल यांच्या मध्यप्रांतातील जातीजमातींविषयीच्या ग्रंथातही आपल्या ज्ञातीची नोंद तलाव बांधण्यात निष्णात अशी केलेली आहे. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटलांनी बांधला, ही कथा आपल्या घराघरांतून सांगितली जाते. चांद्याच्या गोंड राजवटीत जो तलाव बांधील त्याला त्या तलावाने भिजणारी जमीन मिळे, असे जुनी माणसे सांगत. त्या उत्तेजनाने वैनगंगेच्या खोऱ्यात, आजच्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत, हजारो लहानमोठे तलाव उभे राहिले. पुढे मालगुजारी आली म्हणून त्यांस मालगुजारी तलाव हे नाव पडले. आणि १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तेव्हा ते 'माजी मालगुजारी' झाले. तलाव सरकारकडे गेले, त्यातील पाण्यावर गावाचा हक्क राहिला. परंतु पाळीची काळजी मात्र कोणाची, हा प्रश्न त्या दिवसापासून लोंबकळत राहिला. आज आम्हास बोलावयाचे आहे ते नेमके याविषयी.

तलाव धानासाठी बांधले, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यांचे दुसरे काम तितकेसे ध्यानी येत नाही. ते काम म्हणजे पुराला थोपविणे. आपल्या भागात वर्षाकाठी १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक मृगापासून हस्तापर्यंतच्या चार महिन्यांत पडतो. टेकडीवरचे पाणी नाल्याने एकदम खाली धावले तर वाटेतील बांध्या, धुरे व घरे घेऊनच जाईल. पूर्वजांनी एकाच नाल्यावर एकाखाली एक असे तलाव बांधले. वरच्याचा सांडवा खालच्याच्या पोटात उतरतो, खालच्याचा त्याच्याही खालच्या बोडीत. पाणी अडते, पसरते, आणि मग सांडव्यावरून सावकाश पुढे जाते. जे पाणी दोन तासांत गावावर चालून आले असते, त्यास जावयास एकदोन दिवस लागतात. तलाव पुराचे पाणी नाहीसे करीत नाही. तो त्याची धाव मोडतो. लहान गावाला तेवढे पुरते.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. २०२०च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला, तसल्या पुरापुढे आपल्या तलावांचा इलाज चालत नाही. मोठी नदीच फुगून नाल्यांतून उलटी चढू लागली, तर तिला गावतलाव काय करणार? आम्ही बोलतो आहोत ते आपल्या टेकडीच्या, आपल्या नाल्याच्या पुराविषयी. तो पूर आपल्या हातातला आहे. म्हणूनच त्याची जबाबदारीही आपली आहे.

आता थोडे गणित करू. मास्तर बोलावयास उभा राहिला की गणित आलेच! समजा, एका तलावाला २०० हेक्टरांचे पाणी येते आणि एका रात्रीत १०० मिलिमीटर पाऊस झाला. एका हेक्टरावर एक सेंटीमीटर पाऊस म्हणजे १०० घनमीटर पाणी. या हिशेबाने २ लाख घनमीटर पाणी पडले. निम्मे जमिनीत जिरले असे मानले, तरी १ लाख घनमीटर तलावात आले. तलावाचा पसारा २० हेक्टर आहे व तो आधीच सांडव्यापर्यंत भरलेला आहे. सांडव्यावाटे जाणारे पाणी क्षणभर बाजूस ठेवले, तर पातळी किती चढेल? ५० सेंटीमीटर. पाळीचा माथा सांडव्याहून एक मीटर उंच असेल, तर अजून ५० सेंटीमीटर शिल्लक राहिले. गाव निर्धास्त निजावयास हरकत नाही.

आता याच तलावाच्या पोटात कोणी धुरे टाकून ५ हेक्टर बांध्या केल्या. तलाव १५ हेक्टरांचा उरला. तेच पाणी आता ६७ सेंटीमीटर चढेल. आणि रब्बीला पाणी जास्त राहावे, मासोळी वाहून जाऊ नये, म्हणून सांडव्यावर मातीची पोती रचून तो ३० सेंटीमीटर उंच केला. म्हणजे तलाव आरंभीच ३० सेंटीमीटर वर आहे. तीस आणि सदुसष्ट मिळून सत्त्याण्णव. एक मीटरातून शिल्लक राहिले अवघे ३ सेंटीमीटर, म्हणजे दोन बोटे. शिवाय सांडव्याची वाट अडलेली, तेव्हा पाणी बाहेर जाण्याचा मार्गही कोंडला. आणि पाळीवरून बंडीवाट जात असेल, चाकांनी माथा एखाद्या ठिकाणी वीतभर झिजला असेल, तर? उत्तर आपण सर्वांनी मनाशी काढले असेलच.

दगडी बांधावरून पाणी गेले तर तो पुष्कळदा टिकतो. मातीच्या पाळीवरून पाणी जाऊ लागले की तिचे आयुष्य घटकांवर येते. पाणी पलीकडच्या उतारावरची माती ओढू लागते, घळ पडते, घळ मागे मागे खात माथ्यापर्यंत येते, आणि मग तलावच त्या घळीतून निघून जातो. सांडवा हा म्हणूनच पाळीचा प्राण होय. पाळ कितीही रुंद असो, सांडवा अरुंद झाला की ती दुबळी झाली.

हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. १९८६ सालच्या पावसाळ्यात आमच्या गावचा तलाव फुटला. त्याचा दोष आम्ही सरकारला, पावसाला वा दैवाला देत नाही, कारण त्यात आमचा हात होता. आमची दोन बांध्यांची जमीन सांडव्याच्या तोंडाशी आहे. आमच्या वडिलांनी धुरा दरवर्षी थोडा पुढे सरकवीत सांडव्याची निम्मी वाट बांधीत घेतली होती. गावात कोणी हरकत घेतली नाही. कारण प्रत्येकाचा एकेक धुरा कोठेतरी पुढे सरकलेला होता. त्या वर्षी भारी धानाला शेवटचे पाणी कमी पडू नये म्हणून सांडव्यावर पोती रचण्याचे ठरले, तेव्हा नुकतेच नोकरीस लागलेले आम्हीही पोती वाहावयास होतो.

गावचा पाणकर वृद्ध होता. तुडूम केव्हा उघडावे, कोणाच्या बांधीत किती पाणी द्यावे, हे सारे त्याच्या ओठांवर असे. अक्षरओळख नव्हती, पण पाळीची भाषा त्याला येत होती. तीन दिवसांच्या झडीनंतर एका सायंकाळी तो आमच्या दारी आला आणि वडिलांना म्हणाला की, आभाळाचे लक्षण बरे नाही, आज रात्रीच पोती काढू द्या. वडिलांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही शिकलेले, आमचा सल्ला घरात मानला जाऊ लागला होता. आम्ही म्हणालो, 'अंधारात कोण जाणार? सकाळी पाहू.'

सकाळ झाली तेव्हा पाहावयाचे काही उरले नव्हते. बंडीवाटेच्या झिजल्या जागेवरून रात्री पाणी गेले व पाळ फुटली. खालची बोडी त्या लोंढ्याने फुटली. ढिवरटोलीची घरे भुईसपाट झाली. माणूस एकही गेले नाही, याचे श्रेय सर्वस्वी त्या पाणकराचे. आमच्या दारातून परतल्यावर तो घरी गेलाच नाही. कंदील घेऊन पाळीवर बसला, आणि पाणी माथ्याला लागलेले दिसताच टोलीत जाऊन त्याने घरोघरी माणसे उठविली व उंचवट्यावर नेली. स्वतःचे घर मात्र त्याला वाचविता आले नाही. ते टोलीच्या शेजारीच होते.

पाळ पुन्हा बांधली जाण्यास तीन वर्षे लागली. तीन उन्हाळे गावच्या विहिरी आटल्या, खालच्या बांध्यांवर वाळू पसरली, ढिवरबंधूंची मासेमारी बुडाली व त्यांतील कित्येक मजुरीसाठी परगावी गेले. ज्यांनी सांडवा अडविला त्यांचे नुकसान धानाचे झाले. ज्यांनी अडविला नव्हता त्यांची घरे गेली. हा न्याय नव्हे, हे तेव्हा आमच्या ध्यानी आले. परंतु ते उघडपणे बोलून दाखविण्यास आम्हास आजचा दिवस उजाडावा लागला.

माथ्यावरून पाणी जाणे हा पाळीचा एक मृत्यू. दुसरा मृत्यू पाळीच्या पोटातून येतो. मातीची पाळ थोडीबहुत पाझरणारच; पायथ्याशी स्वच्छ पाणी झिरपत असेल तर लगेच घाबरण्याचे कारण नाही, मात्र त्यावर लक्ष असावे. परंतु तेच पाणी गढूळ येऊ लागले, तर ते पाळीच्या पोटातील माती वाहून आणीत आहे असे समजावे. घुशींची बिळे, वाळलेल्या झाडांची कुजलेली मुळे, नीट न दाबलेली माती, यांतून पाण्याला वाट सापडते. रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण २ जुलै २०१९च्या रात्री फुटले आणि खालच्या भेंदवाडीतील घरे वाहून जाऊन वीसच्या आसपास माणसे दगावली. धरणास गळती आहे, हे ग्रामस्थांनी आधीच कळविलेले होते. दुर्घटनेनंतर खेकड्यांनी धरण पोखरले, असे एका मंत्रीमहोदयांचे विधान प्रसिद्ध झाले व त्याची राज्यभर थट्टा झाली. आम्हास त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही. खेकडे, घुशी ही तर पाळीवर असावयाचीच. त्यांची बिळे वेळच्या वेळी पाहून बुजविण्यासाठीच तर माणूस असतो.

तिसरा मृत्यू तुडुमाच्या कडेने येतो. पाणी सोडण्याची मोरी पाळीच्या पोटातून जाते, आणि जेथे दगड व माती यांची गाठ पडते तेथे सांधा कच्चा राहतो. पानशेतचे उदाहरण वडीलधाऱ्यांना स्मरत असेल. तेथील मातीचे धरण मोठे होते, आपल्या तलावाशी त्याची तुलना नाही. पण मातीचा धर्म लहानमोठे जाणत नाही. पाणी सोडण्याच्या मार्गाचे काम अपुरे असताना पाणी साठले, त्या मार्गावरची माती खचू लागली, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरीही १२ जुलै १९६१ रोजी सकाळी धरण फुटले. त्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे दगडी धरणही गेले आणि पुणे शहरात हाहाकार उडाला. वरचे फुटले की खालचेही जाते, हे आपल्या एकाखाली एक असलेल्या तलावांनी विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

बंधुभगिनींनो, पूर्वजांच्या पाळी दोनदोनशे वर्षे टिकल्या त्या काही मंत्राने नव्हेत. खाली घट्ट भुई लागेपर्यंत चर खणून तो चिकणमातीने भरीत. मातीचा एकेक थर पाण्याने भिजवून गुरांच्या खुरांनी तुडवून घेत. पाण्याकडच्या अंगाला दगड लावीत. पलीकडे गवत वाढू देत. आणि सर्वांत मुख्य म्हणजे दरवर्षी पावसाळ्यापूर्वी सारा गाव पाळीवर जाई. बांधणे हे एका पिढीचे काम होते, राखणे हे प्रत्येक पिढीचे. आपण बांधणाऱ्यांचे वंशज म्हणून मिरवितो. राखणाऱ्यांचे वंशज आहोत काय, हा प्रश्न स्वतःस विचारावयास हवा.

कोणी म्हणेल, तलाव आता सरकारचा आहे, जिल्हा परिषदेचा आहे. आम्ही का म्हणून खपावे? याचे उत्तर इतकेच की, कागद कोणाच्याही कपाटात असो, फुटलेल्या तलावाचे पाणी कागद पाहून दिशा ठरवीत नाही. मोठी डागडुजी शासनाने करावी, त्यासाठी अर्ज करावेत, पाठपुरावा करावा. तो आपला हक्कच आहे. परंतु बीळ बुजविणे, बेशरमाची झुडपे उपटणे, सांडव्यातील पोती काढणे, यासाठी मंजुरीची वाट पाहणे हे शहाणपणाचे नव्हे.

म्हणून काही गोष्टी समाजापुढे ठेवतो. पहिली, मृगापूर्वी प्रत्येक गावी एक दिवस पाळीची फेरी व्हावी. माथा जेथे खचला असेल तेथे माती दाबून भरावी, बिळे खणून पुन्हा ठोकून बुजवावीत, आणि पाळीवर नवी झाडे वाढू देऊ नयेत. जुन्या मोठ्या झाडांना मात्र जाणत्याला विचारल्यावाचून हात लावू नये, कारण मुळे कुजली की तेथेच पोकळी होते. दुसरी, गाळ काढण्याची योजना २०१७ सालापासून गावोगावी गेली, ती चांगलीच आहे. परंतु गाळाच्या लोभाने पाळीच्या पायथ्याशी खणू नये, पाळीपासून दूरच खणावे. तिसरी, झडीच्या रात्री पाळीवर दोन माणसांचा पहारा असावा व खालच्या वस्तीला कोणी, कसे उठवावयाचे हे आधी ठरलेले असावे. गढूळ झरा दिसला तर तुडूम सावकाश उघडून पाणी उतरवावे, झऱ्याभोवती वाळू व गिट्टी टाकून पोत्यांचे कडे करावे, आणि तत्काळ तहसिलास कळवावे. झऱ्याचे तोंड नुसत्या चिखलाने बुजवू नये. तो दुसरीकडून फुटतो. चौथी, या कामात ढिवरबंधूंना व खालच्या टोलीतील मंडळींना बरोबरीने घ्यावे. पाळीचे सुखदुःख त्यांना आपल्याहून आधी कळते.

पाचवी व शेवटची गोष्ट अवघड आहे. या सभेत असे अनेक जण बसले आहेत की ज्यांच्या बांध्या तलावाच्या पोटात अथवा सांडव्याच्या वाटेत आहेत. आम्ही कोणाचे नाव घेत नाही, कारण त्या यादीत कित्येक वर्षे पहिले नाव आमचेच होते. वडील वारल्यावर आम्ही व आमच्या बंधूंनी त्या दोन बांध्यांतील सांडव्याकडचा धुरा मोडून वाट पूर्ववत रुंद केली. वर्षाकाठी काही पायल्या धान कमी झाले. घरात कुरकूर झाली नाही असे नाही. आमच्या मातोश्री मात्र म्हणाल्या, 'ते धान आपले नव्हतेच.' त्यानंतर आम्ही ती गोष्ट पुन्हा काढली नाही.

समाजाने ठराव करावेत, ते स्मरणिकेत छापले जावेत, हे योग्यच आहे. परंतु आमची विनंती ठरावाची नाही. येथून गावी गेल्यावर प्रत्येकाने एकदा आपल्या तलावाच्या सांडव्याशी जाऊन उभे राहावे, पूर्वी तो किती रुंद होता हे घरच्या वृद्धांस विचारावे, आणि आपला धुरा त्यात आला असेल तर तो या मृगापूर्वी मागे घ्यावा. आणि गावातला कोणी पाणकर संध्याकाळी दारी येऊन आभाळाचे लक्षण बरे नाही असे म्हणाला, तर त्याला 'सकाळी पाहू' असे सांगू नये. कंदील घ्यावा आणि त्याच्याबरोबर निघावे.

कुलदैवताच्या कृपेने सर्वांच्या गावचे तलाव भरलेले राहोत व पाळी अभंग राहोत, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.